तेरापैकी तेरा : जॉन डिकिन्सन यांना खुले पत्र

श्रीमान जॉन डिकिन्सन यांस,


४ जुलै १७७६ ही तारीख साऱ्या जगाला पाठ आहे. १२ जुलै १७७६ कोणाला विचारली तर लोक खांदे उडवतील. त्या दिवशी फिलाडेल्फियाला काँग्रेसपुढे (ही तेरा वसाहतींची प्रतिनिधी-सभा, आमच्याकडचा पक्ष नव्हे) एक मसुदा आला. फुटून निघालेल्या वसाहतींनी आपसांत नांदायचं कसं, याचा. तो बहुतांशी तुमच्या हातचा होता. २०२६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात आणि आठच दिवसांनी तुमच्या मसुद्यालाही. जाहीरनाम्यासाठी तोफा उडतात. तुमच्या नावाने कोणी फुलबाजी लावेल असं वाटत नाही.

त्या मसुद्यातून पुढे 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' हा तेरा कलमांचा करार झाला. अमेरिकेची ही पहिली घटना. तिचे दोष तिथल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात: कर बसवता येत नव्हता, व्यापारावर हुकमत नव्हती, कार्यकारी प्रमुख नव्हता, राष्ट्रीय न्यायालयं नव्हती. यादी खरी आहे. पण दोषांच्या यादीतून एवढंच कळतं की तो करार करणारे बावळट असावेत, आणि ते बावळट मुळीच नव्हते. म्हणून हे पत्र तुम्हाला. हा करार तुमच्याइतका आतून-बाहेरून दुसऱ्या कोणी पाहिलेला मला दिसत नाही. मसुदा तुम्ही केलात. १७७९ मध्ये डेलावेअरतर्फे त्यावर सही केलीत. १७८३ मध्ये एका राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसून तुम्हीच त्याची परीक्षा घेतलीत. १७८६ मध्ये अ‍ॅनापोलिसला त्याच्या दुखण्यावर विचार करायला जी सभा भरली तिचे अध्यक्ष तुम्हीच होतात, आणि पुढच्या वर्षी त्याला मूठमाती देणाऱ्यांतही होतात.

शिवाय तुम्ही पत्रलेखक. १७६७-६८ मध्ये तुम्ही 'पेनसिल्व्हेनियातला एक शेतकरी' असं नाव घेऊन वर्तमानपत्रात १२ पत्रं लिहिलीत आणि ब्रिटिश पार्लमेंटच्या नव्या जकातींचं पितळ उघडं पाडलंत. आमच्याकडे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादींनी शंभरावर पत्रं लिहिली. त्यांचाही रोख सत्ता आणि समाज या दोहोंवर होता. फरक इतकाच की तुम्ही शेतकरी म्हणून लिहीत होतात तेव्हा लंडनच्या मिडल टेंपलमध्ये शिकलेले, चांगली वकिली चालणारे आणि मोठी जमीनदारी असलेले गृहस्थ होतात. असो. टोपणनावाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

त्या पत्रांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यात दडलेला आहे. तुम्ही म्हणालात की साम्राज्याच्या व्यापाराला शिस्त लावण्यासाठी पार्लमेंटने जकात बसवावी, त्याला हरकत नाही. पण उत्पन्नासाठी, आमच्या खिशातून पैसा काढण्यासाठी बसवली तर तो अन्याय. बारीक पण भक्कम भेद होता. आता गंमत पाहा. दहा वर्षांच्या आत तुमच्या स्वतःच्या राष्ट्राची काँग्रेस उभी राहिली तेव्हा तिला कर बसवण्याचा अधिकार मिळाला नाही आणि परराष्ट्रांशी किंवा राज्याराज्यांतल्या व्यापाराला शिस्त लावण्याचाही नाही. जे तुम्ही तिसऱ्या जॉर्जच्या पार्लमेंटला द्यायला तयार होतात, तेवढंही तुमच्या माणसांनी आपल्या घरच्या सभेला दिलं नाही.

यातलं तुमचं किती आणि इतरांचं किती, हा हिशेब इतिहासकार तुमच्या बाजूने मांडतात, आणि पुष्कळ अंशी ते बरोबर आहे. तुमच्या मसुद्यातली काँग्रेस पुढे झालेल्या काँग्रेसपेक्षा बळकट होती. पश्चिमेकडे कुठपर्यंत कोणाची हद्द, हे ठरवण्याचा हक्क तुम्ही तिला देत होतात. तो गाळला गेला. १७७७ च्या वसंतात नॉर्थ कॅरोलायनाचे थॉमस बर्क उभे राहिले आणि त्यांनी ते कलम घातलं की प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व राखून आहे आणि जे अधिकार स्पष्ट शब्दांत काँग्रेसला दिलेले नाहीत ते सगळे राज्यांचे. तोवर तुम्ही तिथे नव्हतात. स्वातंत्र्याच्या मतदानाला तुम्ही मुद्दाम गैरहजर राहिलात, जाहीरनाम्यावर सही केली नाहीत, प्रतिनिधित्व गेलं. आणि ज्या युद्धाची घाई नको म्हणत होतात त्यासाठी पलटण घेऊन न्यू जर्सीकडे निघालात. (या एका गोष्टीसाठी मी तुमच्यापुढे मान लववतो. नको म्हणणारे बरेच भेटतात. नको म्हणूनही ठरल्यावर बंदूक उचलणारे थोडे.)

पण डिकिन्सनसाहेब, रिकामी तिजोरी बर्कच्या नावे टाकता येत नाही. काँग्रेसने टपालाच्या व्यवस्थेपुरते सोडून कोणताही कर किंवा जकात कधीही बसवू नये, हे तुमच्याच मसुद्यात आहे. शेतकऱ्याची पत्रं लिहिणारा माणूस दुसरं काय लिहिणार होता, हे मला कळतं. ज्या कारणासाठी लढाई चालू आहे तेच हत्यार नव्या सभेच्या हाती देऊ म्हणणाऱ्याला त्या उन्हाळ्यात कोणी ऐकून घेतलं नसतं. तरीही त्याच मसुद्यात युद्ध, तह, वकिलाती, कर्ज, आरमार ही सगळी कामं काँग्रेसच्या गळ्यात होती. कर्तव्यं सगळी तिची आणि पैशाची किल्ली तेरा दुसऱ्यांच्या कमरेला.

१५ नोव्हेंबर १७७७ ला काँग्रेसने करार संमत केला. तेही फिलाडेल्फियात नव्हे, यॉर्क गावात, कारण राजधानीत इंग्रज घुसले होते. मग तो तेरा विधिमंडळांकडे गेला आणि मेरीलँडपाशी अडला. व्हर्जिनियासारखी राज्यं पश्चिमेकडच्या अमर्याद जमिनीवर हक्क सांगत होती. ज्यांच्याकडे तशी जमीन नव्हती त्यांच्यातलं मेरीलँड म्हणालं, ते हक्क सोडा, मगच सही. ती राज्यं हटली तेव्हा १ मार्च १७८१ ला करार अमलात आला. म्हणजे आठ वर्षांच्या युद्धातली बहुतेक वर्षं हा देश लिखित घटनेशिवायच लढला.

पैशाची व्यवस्था अशी: खर्चाचा आकडा काँग्रेसने काढायचा, प्रत्येक राज्याचा वाटा त्याच्या हद्दीतल्या जमिनी आणि इमारतींच्या किमतीवर ठरायचा, आणि तो वसूल करून पाठवायचं काम त्या त्या विधिमंडळाने करायचं. किमतीची ती मोजणी कधी धड झालीच नाही. १७८२ सालासाठी काँग्रेसने ८० लाख डॉलर मागितले. वर्ष सरलं तेव्हा पाच लाखही जमा नव्हते. आमच्या मुंबई-पुण्याच्या कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेला थकबाकीदार सभासदाविरुद्ध निबंधकाकडून वसुली दाखला तरी मिळवता येतो. तुमच्या काँग्रेसला तोही नव्हता. तिने पत्र पाठवायचं, आठवण करायची, पुन्हा पत्र पाठवायचं. तिचा संबंध राज्यांशी होता, माणसांशी नव्हता. बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या किंवा कॅरोलायनाच्या मळेवाल्याच्या दारात तिचा कारकूनही उभा राहू शकत नव्हता, आणि राज्याने हात वर केले तर राज्यावर फौज नेणं हा एकच उपाय उरत होता. तो करायला फौज लागते आणि फौजेला पैसा.

इथे आमच्या माणसांना ओळखीचं एक नाव येतं. यॉर्कटाउनला १७८१ च्या ऑक्टोबरात शरण आला तो लॉर्ड कॉर्नवॉलिस. त्याच्यावर चालून निघालेल्या वॉशिंग्टनच्या शिपायांना एका महिन्याचा पगार रोख नाण्यांत देण्यासाठी तुमचे खजिनदार रॉबर्ट मॉरिस यांनी फ्रेंच सेनापती रोशांबोकडे हात पसरला. पाच वर्षांनी तोच कॉर्नवॉलिस गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला उतरला, आणि टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके नि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने श्रीरंगपट्टणावर गेले. तेव्हा पुण्याच्या दरबाराचीही ओढाताण चालू होती: शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड आपापल्या मुलखात धनी आणि पेशव्याच्या खजिन्यात भरणा ज्याच्या-त्याच्या सवडीने. तुलना फार ताणू नये. आमच्याकडे निदान लिखित करार मोडल्याचा दोष कोणावर येत नव्हता, कारण सगळ्यांनी मिळून असा करार केलेलाच नव्हता.

रोग काँग्रेसला कळला नव्हता असं नाही. करार लागू होण्याच्या सुमारासच तिने राज्यांकडे मागणी केली होती की परदेशी मालावर पाच टक्के जकात बसवू द्या, कर्जाची फेड त्यातून करू. बाकी राज्यं एकेक करून राजी झाली. १७८२ च्या नोव्हेंबरात ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं. तेरातलं सगळ्यांत चिमुकलं राज्य. बंदरांवर जगणारं, स्वतःची तिजोरी आयात-जकातीवर भरणारं. त्याच्या नकाराला त्याच्यापुरता अर्थ होता. पण त्या एका नकाराने साऱ्या देशाची जकात मेली, आणि ती मेलेली पाहून व्हर्जिनियानेही दिलेला होकार मागे घेतला. १७८३ मध्ये पुन्हा मागणी झाली. या खेपेला न्यू यॉर्क आडवं आलं: शेवटी हो म्हणालं, पण अशा अटी घालून की तो होकार कोणाच्या कामाचा नव्हता.

मी ज्या दिवसाकडे येण्यासाठी हे सारं सांगतो आहे तो २१ जून १७८३. शनिवार. तुम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होतात.

लढाई संपली होती. शिपायांना हिशेब चुकता न करता रजेवर घरी धाडलं जात होतं. लँकेस्टरहून काही शिपाई फिलाडेल्फियाकडे निघाले, तिथल्या बराकींतले त्यांना मिळाले, आणि त्या दुपारी तीन-चारशे शिपायांनी संगिनी लावलेल्या बंदुकांनिशी स्टेट हाउसला वेढा दिला. त्याच इमारतीत, जिथे सात वर्षांपूर्वी स्वातंत्र्याचा ठराव झाला होता, खाली काँग्रेस भरत होती आणि वर तुमचं मंडळ. शिपायांचा अर्ज तुमच्या मंडळाच्या नावे होता. वीस मिनिटांत उत्तर द्या, नाहीतर परिणाम भोगा, अशा भाषेतला. जवळपासच्या गुत्त्यांतून बाहेर दारू पोचत होती. काँग्रेसचे अध्यक्ष एलायस बूडिनो यांनी सुट्टीच्या दिवशी घाईने बैठक बोलावली होती. काँग्रेसतर्फे अलेक्झांडर हॅमिल्टन आधीच तुमच्याकडे येऊन गेले होते: लँकेस्टरचे शिपाई शहरात शिरण्याआधीच राज्याची मिलिशिया (नागरिकांची फौज) बाहेर काढा. तुम्ही नाही म्हणालात. वेढ्यानंतर हॅमिल्टन आणि ऑलिव्हर एल्सवर्थ पुन्हा आले. पुन्हा नाही.

तुमचं म्हणणं असं होतं की अजून कोणाच्या अंगाला धक्का लागलेला नाही, मालमत्ता मोडलेली नाही; इतक्यावर मिलिशिया निघेल याची खात्री नाही, आणि न निघाली तर अब्रू जाईल ती वेगळीच. शिपायांच्या पोटाची गोष्टही तुम्हाला दिसत होती. शहाणपणाचा निर्णय होता. रक्त सांडलं नाही, बंड थोड्या दिवसांत विरलं. मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित असंच केलं असतं.

पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसानेच तर तो करार लिहिला होता. राष्ट्राच्या सभेला स्वतःचे चार पहारेकरी नव्हते. संरक्षणासाठी तिने ज्या राज्याच्या मुलखात ती बसली होती त्याच्या मंडळाकडे विनंती करायची होती. त्या मंडळाच्या डोक्यावर या सभेचा निर्माता होता आणि त्याने राज्याच्या प्रमुखासारखं वागायचं ठरवलं. तुम्ही वाईट माणूस असतात, स्वार्थी असतात, एकसंधतेचे वैरी असतात, तर मी या प्रसंगाला एवढं महत्त्व दिलं नसतं. इतकं चांगलं माणूस, इतक्या योग्य कारणांसाठी, संघाला दारात उभं ठेवू शकतं, यातच त्या चौकटीचं सारं कळतं. तिच्यात केंद्राची प्रत्येक गरज कोणा ना कोणा राज्याच्या सद्भावावर सोपवलेली होती, आणि राज्याच्या प्रमुखाची जबाबदारी त्याच्या राज्याशी होती. तो सद्भाव दाखवला नाही म्हणून कोणी दोषीही ठरत नव्हतं.

काँग्रेस प्रिन्स्टनला पळाली. मग अ‍ॅनापोलिस, मग ट्रेंटन, मग न्यू यॉर्क. पुढे १७८७ च्या घटनेत दहा मैल लांबी-रुंदीपर्यंतचा, कोणत्याही राज्याचा नसलेला, केंद्राच्या थेट ताब्यातला मुलूख राजधानीसाठी राखावा अशी तरतूद आली. तिच्यामागे त्या दुपारची आठवण होती. दिल्लीचे पोलीस मुख्यमंत्र्यांच्या हाती नसावेत असा जो आग्रह आमच्याकडे धरला जातो, त्याचं एक फार दूरचं मूळ तुमच्या त्या नकारात सापडेल. दिल्लीच्या मतदाराला ते सांगून त्याचा राग कमी होईल असं मात्र नाही.

बाकीची दुखणी भराभर सांगतो. तुम्ही ती पाहिलेलीच आहेत. इंग्लंडशी झालेला पॅरिसचा तह मंजूर करायला नऊ राज्यं हजर हवीत. १७८३-८४ च्या हिवाळ्यात अ‍ॅनापोलिसला कित्येक दिवस सातच. मुदत टळत चाललेली, आणि जिंकलेल्या युद्धाचा तह सभासद जमत नाहीत म्हणून लोंबकळतो आहे! १४ जानेवारीला एकदाचे नऊ झाले. त्या तहात इंग्रज सावकारांच्या वसुलीला आडकाठी करू नये असं होतं. राज्यांनी ती केली, काँग्रेस बघत राहिली, आणि इंग्रजांनी तेच निमित्त करून डेट्रॉइट, नायगरा वगैरे किल्ले सोडले नाहीत. ते सुटले १७९६ मध्ये. १७८५ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी दोन अमेरिकी जहाजं आणि २१ खलाशी धरले. सोडवायला पैसा नाही, धाकात घ्यायला आरमार नाही. काही खलाशी दहा वर्षांनंतरही तिथेच होते आणि काही तिथेच मेले. न्यू यॉर्कने शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या होड्यांवर आकारणी केली, तेव्हा न्यू जर्सीने आपल्या किनाऱ्यावरच्या, पण न्यू यॉर्कच्या मालकीच्या सँडी हुक दीपगृहावर कर बसवला. १७८६ मध्ये तर न्यू जर्सीच्या विधिमंडळाने ठरावच केला की न्यू यॉर्क जकात मान्य करत नाही तोवर आम्ही काँग्रेसला छदामही देणार नाही. आणि काँग्रेसने काय केलं, तर त्यांची समजूत घालायला आपली माणसं पाठवली.

दोन ठिकाणी मात्र मी तुमच्या टीकाकारांबरोबर नाही. मॅसॅच्युसेट्समधलं डॅनियल शेजचं बंड नेहमी या दुबळ्या कराराच्या खाती मांडलं जातं. १७८६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थॅम्प्टनला शेतकऱ्यांनी न्यायालय बंद पाडलं, जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापाशी गोळीबार होऊन चौघे मेले. पण ते शेतकरी दुबळ्या केंद्राला कंटाळून उठले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या राज्याने चलनटंचाईत रोख नाण्यांत जबर कर मागितले होते आणि न्यायालयं जमिनी-गुरं लिलावात काढत होती. आमच्या दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांची हकीकत वाचलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केंद्र दुबळं होतं हे त्यात एवढ्यापुरतंच दिसलं की बंड मोडायला निघालेल्या फौजेचा खर्च बोस्टनच्या श्रीमंतांनी खासगी वर्गणी काढून केला. शेजचा दाखला देऊन बळकट केंद्र मागणाऱ्यांत सावकारांची संख्या बरीच होती, हे तुमच्यासारख्या जमीनदाराला सांगणं थोडं अवघड वाटतं, पण सांगतो.

दुसरं मिसिसिपीचं. स्पेनने त्या नदीची वाट अमेरिकी होड्यांना बंद केली. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना स्पेनशी व्यापाराचा करार हवा होता. त्यासाठी पंचवीसेक वर्षं नदीवरचा हक्क गुंडाळून ठेवायला ते तयार होते. १७८६ मध्ये मतं पडली सात विरुद्ध पाच. तहाला नऊ लागतात, म्हणून तो बेत तिथेच संपला. तुमच्या कराराच्या ज्या नऊच्या अटीला सगळे नावं ठेवतात, तिनेच अपॅलॅशियन डोंगरांपलीकडच्या वस्त्यांचा गळा वाचवला. आणि याच मोडक्या सभेने, शेवटचे श्वास घेत असताना, १३ जुलै १७८७ ला ओहायो नदीच्या वायव्येचा कायदा केला: तिथे गुलामी नाही, आणि तिथून जी राज्यं निघतील ती जुन्या राज्यांच्या बरोबरीची. (तिथल्या मूळ रहिवाशांना कोणी विचारलं नाही, ते पाप मात्र दुबळ्या आणि बळकट, दोन्ही घटनांच्या वाट्याला सारखंच आहे.)

म्हणून माझी तक्रार केंद्र दुबळं होतं ही नाही. नुकत्याच राजाच्या तावडीतून सुटलेल्यांनी पहिली चौकट सैल बांधावी यात नवल नाही. अनुभवाने ती आवळता आली असती. तक्रार तेराव्या कलमाची आहे. करारात काहीही बदल करायचा तर काँग्रेसने तो मान्य करावा आणि मग प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने. तेरापैकी तेरा. पहिल्या बारा कलमांतल्या चुका या एका कलमामुळे कायमच्या झाल्या. ऱ्होड आयलंडला आपला नकार राखता आला एवढंच नव्हे, तर त्याचा नकार हाच बाकी बाराजणांचा कायदा झाला. ज्या व्यवस्थेत एकाच्या 'नाही'ला बाराच्या 'हो'पेक्षा जास्त वजन आहे तिला राज्यांच्या स्वातंत्र्याचं रक्षण म्हणणं मला पटत नाही. बाकीच्या बारांचं स्वातंत्र्य मग गेलं कुठे?

दुरुस्त्या कशा मेल्या याचं आणखी एक उदाहरण तुम्हाला टोचेल. जमिनीच्या किमतीवर वाटा ठरवणं जमेना म्हणून १७८३ मध्ये लोकसंख्येवर ठरवायचं निघालं. गुलाम मोजायचे का? दक्षिणेला कर कमी हवा होता, म्हणून कमी मोजायचे. तडजोड झाली, पाचातले तीन. ती दुरुस्तीही सगळ्यांच्या होकाराअभावी मेली. पण आकडा जिवंत राहिला. चार वर्षांनी नव्या घटनेत तो प्रतिनिधित्वासाठी वापरला गेला आणि जे गुलाम मत देऊ शकत नव्हते त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांच्या जागा वाढल्या. तुम्ही तोवर आपल्या गुलामांना मुक्त केलं होतं. फिलाडेल्फियाला आलेल्या बहुतेक मळेवाल्यांनी केलं नव्हतं.

अ‍ॅनापोलिसला १७८६ च्या सप्टेंबरात पाच राज्यांचे बारा प्रतिनिधी जमले, तुम्ही अध्यक्ष. व्यापारावर बोलायला बोलावलेली सभा. एवढ्या माणसांत ते करण्यात अर्थ नव्हता. तुम्ही मंडळींनी हॅमिल्टनच्या लेखणीने तेराही राज्यांना कळवलं की येत्या मेमध्ये फिलाडेल्फियाला या. आले बारा, ऱ्होड आयलंड अर्थातच नाही. काँग्रेसने त्यांना कराराची दुरुस्ती करायला सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं, नवीच घटना लिहिली आणि तिच्या शेवटी घातलं की नऊ राज्यांनी मान्य केली की ती त्या नऊंपुरती लागू. तेरावं कलम जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांदेखत. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्ही वकील म्हणून जाणता. सुधारायला वाट ठेवली नाही म्हणून मोडून आत शिरावं लागलं, आणि मोडणाऱ्यांत तुम्ही होतात; शेवटच्या दिवशी प्रकृती ठीक नसल्याने तुमच्या वतीने सही जॉर्ज रीड यांनी केली. जुन्या करारातलं 'एक राज्य, एक मत' मात्र तुम्हा छोट्या राज्यांनी सिनेटच्या रूपाने शाबूत ठेवून घेतलंत. आज चार कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला दोन सिनेटर आणि तुमच्या डेलावेअरलाही दोन.

आमच्या देशालाही तुमच्यासारखी चौकट मिळण्याची वेळ आली होती. १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण एवढेच विषय होते. त्यांच्यापुरता पैसा उभारण्याचा हक्क मात्र होता, म्हणजे तुमच्यापेक्षा एक पायरी वर. फाळणी ठरली आणि ती योजना गेली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं की हे संघराज्य घटकांनी आपसांत केलेल्या करारातून आलेलं नाही, म्हणून कोणत्याही घटकाला बाहेर पडण्याचा हक्क नाही. हे सिद्ध करायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावं लागलं याचीही त्यांनी आठवण दिली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला, म्हणजे हॅमिल्टन शिकले त्याच संस्थेत, तुमची कहाणी नवी नव्हती. आमच्या ३६८ व्या कलमात राज्यांच्या अधिकारांना हात लावणाऱ्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती लागते, सगळ्यांची नाही. वस्तू आणि सेवा कराच्या परिषदेत मतांचं एक-तृतीयांश वजन केंद्राचं, निर्णयाला तीन-चतुर्थांश हवेत; एकटा महाराष्ट्र काही अडवू शकत नाही आणि एकटं केंद्र सगळं अडवू शकतं. म्हणजे आमचा तराजू तुमच्या उलट बाजूला कलला आहे, आणि नुकसानभरपाईच्या थकबाकीसाठी दिल्लीला पत्रं पाठवण्याचं काम आमच्याकडे राज्यांच्या वाट्याला आलं. रॉबर्ट मॉरिसची बदली मुंबईच्या मंत्रालयात झाली असती तर त्यांना कामाचं स्वरूप ओळखीचं वाटलं असतं.

१७८८ मध्ये तुम्ही पुन्हा लेखणी उचललीत. 'फॅबियस' नावाने नऊ पत्रं, नव्या घटनेच्या बाजूने. तुमच्या डेलावेअरने तोवर, ७ डिसेंबर १७८७ ला, सगळ्यांत आधी होकार देऊन टाकला होता. त्या पत्रांत तुम्ही लोकांची भीती घालवलीत, युक्तिवाद केलेत. पण ज्या करारावर तुमची सही होती त्याच्या तेराव्या कलमाचं काय, याचं सरळ उत्तर मला हवं होतं. ऱ्होड आयलंडला तर ते तुम्ही अजूनही देणं लागता. १७८२ मध्ये त्याने नाही म्हटलं तेव्हा बारा राज्यं थांबली. १७९० मध्ये ते एकटं बाहेर उरलं होतं; नव्या सिनेटने त्याच्याशी व्यापार तोडण्याचं विधेयक संमत केलं, आणि २९ मे रोजी त्याच्या अधिवेशनाने ३४ विरुद्ध ३२ मतांनी घटना स्वीकारली. त्यातलं एक मत फिरलं असतं तर पेच पडला असता. मग तुम्ही त्यांना काय लिहिलं असतंत, शेतकरी म्हणून की फॅबियस म्हणून?

उत्तराची वाट पाहतो. कळावे,

आपला,
एक मराठी वाचक